एकट्यासाठी दवंडी

ऐंशीच्या आसपास मी साकोलीजवळच्या एका गावी भातगिरणीवर कामाला होतो. सहावीत शाळा सुटलेली, घर लांब, मुक्काम गावाबाहेर गिरणीतच. गावात दवंडी देणारे तिथले कोतवालकाका दिसले की मी वाट बदलायचो. त्यांना सगळंच कळायला हवं असायचं. "आज भाजी कायची केली? घरी कोन कोन आहे तुह्या? काहून आला येवढ्या दूर?" मी कामाचं निमित्त सांगून सटकायचो.

दिवाळीनंतरच्या मंडईच्या, म्हणजे गावोगावचे पाहुणे जमतात त्या जत्रेच्या, आदल्या दिवशी मी तलावाकाठच्या विहिरीवरून घागर भरून आणली. मागोमाग काका आले, गिरणीसमोर डफडं वाजवलं आणि ओरडले, "गावकरी हो! तलावाजवळच्या विहिरीचं पानी खराब निंगालं, कोनी पिऊ नोका हो!"

"काका, इथं मी एकटाच आहे."

"मंग? तू गावातला नाहीस काय?" असं म्हणून त्यांनी दवंडी पुन्हा पहिल्यापासून दिली. मी घागर उपडी केली.

दुसऱ्या दिवशी सरपंच गिरणीतच त्यांच्यावर खेकसले, "पाहुन्यांत बोभाटा झाला. मंडईनंतर सांग म्हनलं होतं ना तुले?"

"लोकं पानी आजच पिऊन राह्यले ना जी."

"कोतवालकी जाईल तुही!"

सरपंच गेल्यावर काका माझ्याजवळ पोत्यावर बसले. "पोट बरं आहे ना तुहं?" त्यांनी विचारलं. मग सवयीनं, "घरी कोन कोन आहे?"

मी आईपासून सुरुवात केली.