नऊ सेकंदांचा मजला

सतरा जूनला, सोमवारी, मिनिटबाईंनी सांध्य महाविद्यालयाच्या तीन नंबरच्या खिडकीवर चार हजार तीनशे पंच्याऐंशी रुपये भरले. आतल्या कारकुनाने नोटा दोनदा मोजल्या, पावती फाडली आणि अर्जावरच्या सहाच्या आकड्याभोवती पेन्सिलीने गोल काढला.

"बाई, हे शेवटचं वर्ष बरं का. तीन वर्षांचा अभ्यास जास्तीत जास्त सहा वर्षांत. मग पुन्हा पहिलीपासून श्रीगणेशा."

"माहीत आहे."

"एक प्रकल्पच राहिलाय तुमचा. निघेल की."

"निघेल," मिनिटबाई म्हणाल्या, आणि त्यांनी ती पावती पर्सच्या आतल्या कप्प्यात आधीच्या पाच पावत्यांवर ठेवली.

त्यांचे खरे नाव विमा कंपनीच्या हजेरीपटावर होते. तोंडात कुणाच्याच नव्हते. चोवीस वर्षे त्या कंपनीच्या सातव्या मजल्यावर बैठकांची मिनिट्स लिहीत आल्या होत्या, म्हणून मिनिटबाई. काम कोपऱ्यात बसून करायचे असले तरी सोपे नव्हते. बैठकीत संचालक टेबलावर हात आपटून म्हणत, "नुसता गाढवपणा चाललाय!" बाई लिहीत, "सदर बाबतीत सुधारणेस वाव असल्याचे मत व्यक्त करण्यात आले." दोन अधिकाऱ्यांची तू-तू मैं-मैं झाली की लिहीत, "विषयावर साधकबाधक चर्चा झाली." कुणी वाक्य अर्धवट सोडले तर बाई ते पुरे करत, आणि दुसऱ्या दिवशी तोच माणूस ते वाचून म्हणे, "अगदी हेच म्हणायचं होतं मला."

एवढे असून बाई पदवीधर नव्हत्या. वडील आजारी पडले तेव्हा एकोणिसाव्या वर्षी कॉलेज सोडून त्या नोकरीला लागल्या होत्या. पदवी नाही म्हणजे अधीक्षकपद नाही. फाइल कशी बांधायची ते ज्यांना बाईंनी शिकवले, त्यांच्याच सहीसाठी आता बाई फाइल घेऊन उभ्या राहत. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये अधीक्षकाची एक जागा रिकामी होणार होती.

भाषाविज्ञानच का, तर त्याचे वर्ग साडेसहाला सुरू होत. वाणिज्याचे साडेपाचला, आणि ऑफिस पावणेसहाला सुटे. वेळ जमली म्हणून विषय जमला. भाषा म्हणजे निबंध, पत्रलेखन, थोडे व्याकरण असेल, असा बाईंचा अंदाज होता. पहिल्याच तासाला सर म्हणाले, "सगळ्यांनी तोंड मिटा आणि आपली जीभ आत्ता कुठे टेकलीय ते सांगा." अडतीस वर्षे जीभ तोंडातच होती, पण तिचा पत्ता विचारायची वेळ बाईंवर कधी आली नव्हती. घरी आरशासमोर त्या जीभ वर-खाली करून बघत बसल्या, तेव्हा चष्म्याच्या दुकानातून दमून आलेले यजमान दारातच थबकले.

"अगं, लोक जीभ आवरायला शिकतात. तू शोधायला निघालीस?"

"अहो, हसू नका. उद्या चाचणी आहे."

ध्वनींचा पेपर दोनदा राहिला, कारण तो मार्चअखेरीस येई आणि मार्चअखेरीस ऑफिसात श्वास घ्यायला फुरसत नसे. एक वर्ष सासूबाईंच्या खुब्याच्या शस्त्रक्रियेत गेले. वाक्यांच्या फांद्या काढायचा, म्हणजे वाक्यरचनेच्या आकृत्यांचा, पेपर मात्र पहिल्या फटक्यात सुटला. आराखडे काढणे बाईंच्या हातचा मळ होते. असे करत करत सहावे वर्ष उजाडले, आणि उरला प्रकल्प.

प्रकल्प असा, की एका माणसाचे तीन तास साधे बोलणे ध्वनिमुद्रित करायचे, त्यातली साठ मिनिटे कागदावर उतरवायची आणि त्या बोलण्यात काय दिसते ते लिहायचे. कुणाचेही बोलणे फुकट घ्यायचे नाही, हा विभागाचा नियम. बोलणाऱ्याला तासाला एकशेवीस रुपये विद्यार्थ्याने द्यायचे, आणि सहीच्या तीन पावत्या प्रकल्पाला जोडायच्या.

बाईंनी लिफ्टमनकाकांना विचारले. ऑफिसच्या जुन्या लिफ्टमध्ये एकतीस वर्षे स्टुलावर बसलेले काका, जुनी लिफ्ट काढून बटणांची नवी बसवली त्याच महिन्यात निवृत्त झाले होते. बोलायला हौशी. जानेवारीतले तीन रविवार बाई दोन बस बदलून त्यांच्या घरी गेल्या, फोन टेबलावर ठेवून समोर बसल्या. पहिल्या दोन तासांचे पैसे काकांनी घेतले, सही केली. तिसऱ्या रविवारी बाईंकडे पाचशेची नोट आणि काकांकडे सुटे नव्हते, तेव्हा ती पावती पुढच्या वेळेवर राहिली.

मार्चच्या पंधरा तारखेला बाईंनी बेचाळीस पाने टंकलिखित करून दिली. एकही खाडाखोड नाही. अठराला सरांनी बोलावले. सर बाईंपेक्षा नऊ वर्षांनी लहान होते आणि त्यांच्या टेबलावर तपासायच्या कागदांचा डोंगर होता.

"बाई, हा माणूस असा बोलतो?"

"हो, सर."

"एकदाही अडखळत नाही? एकदाही 'हे आपलं ते' नाही? माझी बायको वकील आहे, तीसुद्धा इतकं नीट बोलत नाही."

"सर, फापटपसारा काढलाय. अर्थ तोच ठेवलाय."

सरांनी चष्मा काढून डोळे चोळले. "अर्थ कोण मागतंय तुमच्याकडे? सहा वर्षं काय सांगतोय आम्ही? माणूस जसा बोलला तसं हवंय. थांबला तर किती सेकंद थांबला, खोकला तर खोकला. हे बोलणं नाही, हे तुमच्या कंपनीचं इतिवृत्त आहे."

बाईंनी आपलीच पाने पुढ्यात ओढली. चोवीस वर्षांची सवय. हात आपोआप चालला होता. आपण चुकतोय हे टंकताना एकदाही मनात आले नव्हते.

"मग आता?"

"नऊ एप्रिल, पाच वाजेपर्यंत. नंतर माझ्याही हातात काही नाही."

बावीस दिवस. एक मिनिट बोलणे जसेच्या तसे उतरवायला पाऊण तास लागतो, हे बाईंनी पहिल्या सकाळी घड्याळ लावून पाहिले. साठ मिनिटांचे पंचेचाळीस तास. त्यात मार्चअखेर. पहाटे चहाच्या आधी दीड तास आणि ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत जुन्या दप्तरांच्या खोलीत अर्धा तास, असा त्यांनी बेत बांधला. कानात इअरफोन, हातात पेन्सिल, दोन शब्द ऐकायचे, थांबवायचे, लिहायचे, मागे न्यायचे. तिसऱ्या दिवशी मान धरली. पाचव्या दिवशी यजमानांनी आपणहून डबे भरायला घेतले, तेव्हा बाईंना रडू यायचे बाकी राहिले.

"सोड ना," ते म्हणाले. "अधीक्षक झालीस तर पगार वाढणार किती? चारशे-पाचशे?"

"पगाराचं नाही हो. एकदा तरी कागद दुसऱ्यानं माझ्यापुढे धरू दे सहीला."

यजमानांनी डब्याचे झाकण लावले. "मग लिही."

लिहिता लिहिता बाईंना आपलेच काम दिसू लागले, आणि ते बघणे काही सुखाचे नव्हते. काकांनी अर्धवट सोडलेली चौदा वाक्ये त्यांनी पदरचे शब्द घालून पुरी केली होती. जुने अध्यक्षसाहेब एकदा एकटेच लिफ्टमध्ये रडले, ती गोष्ट काकांनी "मी त्यांना म्हटलं, साहेब..." इथे सोडून दिली होती. बाईंच्या टंकलेल्या पानावर होते, "मी त्यांना धीर दिला व त्यांनी माझे आभार मानले."

हे कुठून आणले आपण? बाईंनी ते तीनदा ऐकले. काका थांबले होते, बस्स.

अकराव्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा काकूंचा आवाज नीट ऐकला. आधीच्या स्वच्छ प्रतीत तो पूर्ण वगळला होता, कारण काकू बोलणारा म्हणून नोंदवलेल्या नव्हत्या. स्वयंपाकघरातून भांड्यांच्या आवाजाबरोबर काकू म्हणत होत्या, "सांगा की पुढे! इथे कुणी उतरत नाहीये!"

बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. मग आतापर्यंतची सगळी पाने पुढ्यात घेऊन, दोन थांब्यांच्या मध्ये काका किती वेळ बोलतात ते समासात लिहीत गेल्या. नऊ सेकंद. आठ. नऊ. दहा. नऊ. मग थांबा, दोन-तीन सेकंदांचा. पुन्हा नऊ. कधी थांब्यानंतर गोष्ट पुढे जाई, कधी तिथेच राही आणि दुसरीच सुरू होई.

नवी लिफ्ट चार सेकंदांत मजला चढते. पण मागच्या बाजूला सामानाची लिफ्ट जुनीच होती, काकांच्या लिफ्टबरोबर बसवलेली. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत बाई हातात चार फाइली घेऊन तीत शिरल्या आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघत तळमजल्यापासून सातव्यापर्यंत तीनदा गेल्या-आल्या. झाडूवाल्या मावशी पहिल्या मजल्यावर बादली घेऊन उभ्या होत्या.

"बाई, काही हरवलंय का?"

"नाही हो मावशी. मोजतेय."

"आता लिफ्टचीपण मिनिट्स?" मावशी म्हणाल्या, आणि बादली उचलून जिन्याने गेल्या.

मजल्याला नऊ सेकंद. एकतीस वर्षे ज्याने नऊ सेकंदांत सांगता येईल तेवढेच सांगितले, दार उघडले की तोंड मिटले, त्याचे बोलणे निवृत्तीनंतरही त्याच मापाचे राहिले होते. बाईंना आनंद व्हायला हवा होता. त्यांना फक्त एवढेच वाटले, की अजून एकवीस मिनिटे उतरवायची आहेत.

सहा एप्रिलला, रविवारी, सुटे एकशेवीस रुपये आणि कोरी पावती घेऊन त्या काकांकडे गेल्या. काकांनी सही केली. बाई निघायच्या होत्या, पण बसून राहिल्या.

"काका, त्या रडणाऱ्या साहेबांचं काय झालं पुढे?"

"ते होय? अहो, सहाव्याला शिरले, एकटेच, आणि दार लागल्याबरोबर डोळ्यांना धार. मी त्यांना म्हटलं, साहेब..."

काका थांबले. नजर सवयीने दाराकडे गेली. बाईंच्या ओठांवर वाक्य आले होते, चोवीस वर्षे येत होते तसे. त्यांनी ते गिळले आणि मांडीवर हात ठेवून गप्प बसल्या. पंख्याची फेरी, रस्त्यावरचा हॉर्न. काकूही भांडी घासायचे थांबवून दारात आल्या. बाईंनी मनात बावीसपर्यंत मोजले.

"...साहेब, रुमाल घ्या," काका म्हणाले. "घेतला त्यांनी. डोळे पुसले, नाक पुसलं, खिशात घातला, आणि तळमजल्याला उतरून गेले. परत काही दिला नाही. नवा होता हो."

"अगबाई!" काकू म्हणाल्या. "निळ्या काठाचा? तो रुमाल मी दोन महिने शोधत होते! मोलकरणीला बोल लावला मी त्यापायी!"

"मग तू विचारलंस कधी?"

"विचारलं की! तुम्ही म्हणालात, 'तो ना, तो...' आणि गेलात अंघोळीला!"

काका हसून हसून खोकले. बाईही हसल्या, किती दिवसांनी ते त्यांना आठवेना. उठताना त्यांनी पैसे टेबलावर ठेवले. काकांनी ते उचलून पुन्हा त्यांच्या हातात दिले.

"राहू द्या आत्ता. थोडी बाकी असावी, बाई. हिशोब मिटला की माणूस येत नाही."

"अहो, पण पावती झाली."

"पावती तुमच्या कॉलेजची. पैसे पुढच्या खेपेला. अजून पुष्कळ गोष्टी अर्ध्या आहेत."

नऊ एप्रिलला चार वाजून चाळीस मिनिटांनी बाईंनी प्रकल्प दिला. एकशे अठरा पाने, खोकल्यासकट, भांड्यांच्या आवाजासकट. शेवटी दीड पान निष्कर्ष. रुमाल त्यात नव्हता. तो ध्वनिमुद्रित तासांच्या बाहेरचा. तोंडी परीक्षेला सरांनी पाने उलटत विचारले, "एका माणसावरून काही सिद्ध होत नाही, हे कळतंय ना?"

"हो, सर."

"आणि तुमच्याच आधीच्या प्रतीतली ती चौदा वाक्यं? ती परिशिष्टात का जोडलीत? कुणी मागितली नव्हती."

"चूक माझी होती. नोंद असावी म्हणून."

सरांनी पान उलटले. ते पुढचे वाचत राहिले. बाईंनी सेकंद मोजले नाहीत. कंटाळा आला होता.

शंभरात बावन्न मिळाले. पदवी जूनमध्ये हातात आली. तिच्या प्रतीसह बाईंनी अधीक्षकपदाचा अर्ज केला. तो आस्थापना विभागात आहे आणि सदर जागेबाबत निर्णय यथावकाश घेण्यात येईल, असे गेल्या बैठकीच्या मिनिट्समध्ये बाईंनी स्वतःच लिहिले आहे. त्या बैठकीत संचालक खरे तर "बघू, हं... बघू," असे म्हणून चार सेकंद थांबले होते.

काकांकडे जायला दोन बस लागतात. बाईंना अजून जमलेले नाही. तिसऱ्या तासाचे एकशेवीस रुपये पर्सच्या आतल्या कप्प्यात वेगळे ठेवलेले आहेत. कागदावर ते दिलेले आहेत. काकांना ते अजून द्यायचे आहेत.