करंड्यावरचं बोट

परवा आईचा कुंकवाचा करंडा उघडला आणि तरसालीतल्या आमच्या घरातली ती संध्याकाळ आठवली. लोकसभेला उभ्या राहिलेल्या एक दलित गुजराती शिक्षिका हरल्यावरही घरोघर आभार मानायला आल्या होत्या. प्रचाराच्या वेळी आईने त्यांची ओटी भरून "मत तुम्हालाच" म्हटलं होतं, त्यांची पाठ वळताच बाबा म्हणाले होते, "एक तर बाई, त्यातून त्यांच्यातली! दिल्लीत कोण विचारतंय हिला?" मग माझ्या पहिल्यावहिल्या मतासकट घरातली तिन्ही मतं दुसरीकडे गेली. "बेन, तुमच्या घराचा फार आधार वाटला," त्या म्हणाल्या. आईने नजर चुकवत त्यांना कुंकू लावलं. करंडा धरलेल्या बोटावर शाई अजून तशीच होती. मी माझं बोट मुठीत लपवलं. आजही मत देऊन आल्यावर घरातले सगळे फोटोसाठी बोट पुढे करतात, माझं मुठीतच राहतं.