पूजेतला मीटर

खंडेनवमीला आमच्या जुन्या कंपनीत इथंच बनलेल्या पहिल्या वीजमीटरला हार घालतात. यंदा केतकी या इंजिनिअर मुलीनं स्वतः बनवलेला नवा मीटर शेजारी ठेवून सुरू केला.

"अहो, आज यंत्राला हात लावायचा नसतो!" साहेब ओरडले.

"मग उद्या तपासाल, सर? कधीचा पडून आहे. नाहीतर मी नोकरी सोडून चालले."

साहेब उदबत्ती लावत राहिले. मी धुराकडे बघत होतो. हत्यारांना एक दिवस विश्रांती द्यावी, ही रीत चांगलीच. आम्ही ती वर्षभर पाळतो, आणि वर नवं काही सुचत नाही म्हणून बैठका घेतो! सुचतं हो. सुचलेल्याला कुणी हात लावत नाही, एवढंच.

प्रसाद देताना साहेब म्हणाले, "उद्या दसऱ्याची सुट्टी. परवा बघू."

केतकीनं प्रसाद खाल्ला, हात पुसले आणि आपलं टेबल आवरायला घेतलं.