समुद्राच्या तळाशी लता सिस्टर

आष्टीच्या दवाखान्यातल्या लता सिस्टर बाळंतिणीच्या खोलीतून बाहेर आल्या की व्हरांड्यातले नातेवाईक ताडकन उठायचे. मुलगा की मुलगी हे विचारायला कुणी तोंड उघडायच्या आत त्या ठणकावायच्या, "दोघंबी सुखरूप!" पुढचं त्या चहा पिऊन झाल्यावर सांगायच्या.

माझी मुलगी त्यांच्याच हातची. कळा सोसताना मी दात आवळून श्वास रोखला, तर मला चक्क झापलं त्यांनी. "दम कोंडून काहून राह्यली? बिलकुल न्हाई कोंडायचा माय. घे... सोड..." 'घे' म्हणताना त्या माझा हात दाबत, 'सोड' म्हणताना सैल करत. तो हात मी जन्मात विसरणार नाही.

निवृत्तीच्या समारंभात जो तो त्यांना तीर्थयात्रेला धाडत होता. सिस्टरनी माइक ओढून घेतला. "लहानपणी हिरीत बुडी मारून घागरी काढायचे मी. आता समुद्राचा तळ बघणार, आन् पाणबुड्याचं कार्ड घेऊनच येणार!" गाव खो खो हसलं. मला इतका राग आला, की त्या रागातच मीही त्यांच्याबरोबर पाणबुडीच्या वर्गाला नाव नोंदवलं. परतूर स्टेशनवर सोडायला आलेली त्यांची भावजय म्हणाली, "कार्ड न्हाई मिळालं तर वन्सं, मागच्या गल्लीनं या घरी."

मालवणला पाठीवर हवेची टाकी बांधून उतरलो. तोंडातल्या नळीतून श्वास सतत चालू ठेवायचा, हा पहिला नियम. परीक्षा अशी, की तळाशी बसून डोळ्यांवरच्या मास्कमध्ये पाणी घ्यायचं आणि नाकातून हवा सोडून ते बाहेर काढायचं. पण सिस्टरना सवय विहिरीची. मास्कमध्ये पाणी आलं की त्या डोळे गच्च मिटायच्या, दम कोंडायच्या आणि तडक वर निघायच्या. तीनदा तेच झालं. शेवटी शिकवणारा पोरगा म्हणाला, "मावशी, उद्या सकाळी एकच संधी. नाही जमलं तर कार्ड नाही."

त्या दिवशी सिस्टर जेवल्याच नाहीत. "साऱ्या नोकरीत कधी घाबरले न्हाई गं मी," एवढंच म्हणाल्या.

सकाळी तळाच्या वाळूवर मी त्यांच्या शेजारी गुडघे टेकले. त्यांचा मास्क भरला. डोळे मिटले. बुडबुडे थांबले. पाण्याखाली बोलता येत नाही, आणि मिटल्या डोळ्यांना खुणा तरी काय दिसणार? मी त्यांचा हात धरला. दाबला. सैल केला. पुन्हा दाबला.

क्षणभर काहीच नाही. मग त्यांच्या बोटांनीही माझा हात दाबला, भसाभसा बुडबुडे निघाले, मास्कमधलं पाणी सरसर उतरलं आणि आत सिस्टरचे डोळे टक्क उघडे! त्या पोराने पाण्यातच टाळ्या पिटल्या.

वर आलो तर बोटीवरची सगळी मंडळी कठड्यावरून वाकलेली. "झालं का हो?" कुणीतरी ओरडलं.

सिस्टरनी तोंडातली नळी काढली, माझा हात उंच धरला आणि अख्ख्या समुद्राला ठणकावून सांगितलं,

"दोघीबी सुखरूप!"