प्रमोदिनीची दुसरी डिस्क

प्रमोदिनी मानेवाड्याला ब्लाउज शिवायची. फिटिंगला अशी पक्की, की बाया थेट कन्हानहून यायच्या. नवऱ्याला, मधुसूदनला, नेमकं तेच खुपायचं. बुटीबोरीच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळणारा हा गडी. तिथे साहेबांपुढे शेळी, घरी मात्र वाघ. आपण ड्युटीवर असताना घरात कोण येतं-जातं ते कळावं म्हणून त्यानं हॉलमध्ये आवाजासकट टिपणारा कॅमेरा ठोकला आणि रेकॉर्डिंग साठवायला घरच्या कॉम्प्युटरमध्ये दुसरी हार्ड डिस्क बसवून घेतली. वर अशी सोय, की कॉम्प्युटरला डिस्क सापडली की रेकॉर्डिंग आपोआप चालू, बायकोला बंद करता येऊ नये म्हणून. काय ती अक्कल मेल्याची!

गेल्या आठवड्यात चहा थंड झाला म्हणून त्यानं हॉलमध्येच तिचा डावा हात पिरगाळून मोडला. दवाखान्यात सांगितलं, न्हाणीत घसरली. तिनं भावाला, ऋषीला, फोनवर खरं सांगितलं, तर तो म्हणतो, "ताई, भाऊजी तसे नाहीत. तूच जरा तोंड आवर." सख्खा भाऊ! मोडक्या हातापेक्षा ते जास्त लागलं तिला. म्हणून तिनं ठरवलं, डिस्कमधलं सगळं ऋषीला दाखवायचं आणि त्यालाच सोबत घेऊन पोलीस ठाण्यात जायचं.

पण रागाच्या भरात बाई बोलून बसली. रविवारी सकाळी मधुसूदननं प्लास्टरवरच लाटणं हाणलं, तशी ती किंचाळली, "मारा! सगळं डिस्कमध्ये आहे. ऋषीले दाखवते मी!"

मधुसूदनचा चेहरा खर्रकन उतरला. मग त्यानं तिला केस धरून फरफटत नेलं, कॉम्प्युटरपाशी फरशीवर आपटलं आणि माऊस हातात घेतला. दुसऱ्या डिस्कवर राइट क्लिक, फॉरमॅट, ओके. चुटकीसरशी डिस्क रिकामी! इतक्या लवकर? त्याचा विश्वासच बसेना. ऑफिसात कॉम्प्युटर पाहणाऱ्या नत्थूला त्यानं स्पीकरवर फोन लावला.

"क्विकवर टिक होती का, सर?" नत्थूनं विचारलं. "मग नुसती यादी पुसली गेली. माल आतच राह्यते, सॉफ्टवेअर टाकलं का वापस येते. टिक काढा अन् पुन्हा करा. वेळ लागन, पण मंग काहीच नाही उरत."

प्रमोदिनीच्या जिवात जीव आला आणि लगेच गेला. मधुसूदननं टिक काढली. हिरवी पट्टी मुंगीच्या चालीनं सरकू लागली. तो कमरेचा पट्टा मांडीवर घेऊन बसला. "हलली तर दुसराही हात मोडीन."

पाणी प्यायच्या निमित्तानं ती स्वयंपाकघरात गेली आणि तिनं मेन स्विच खाली ओढला. कॉम्प्युटर बंद. तो धावत आला आणि त्यानं तिचं डोकं धरून ओट्यावर आदळलं. "लाइट काहून बंद केली वं? काहून? काहून?" दर शब्दाला एक दणका. भुवई फुटली, रक्त डोळ्यात उतरलं. तिला बेडरूममध्ये कोंडून त्यानं फॉरमॅट पहिल्यापासून लावला.

दिवेलागणीला त्यानं कडी काढली. "ये, पाह्य. दाखव आता तुह्या भावाले!"

डिस्क खरोखर रिकामी होती. आठवड्याभराचा मार, मोडलेला हात, सगळं गेलं. ती ढसाढसा रडली. आणि रडता रडताच तिला पडद्याच्या कोपऱ्यात लाल ठिपका दिसला. डिस्क सापडली होती, रेकॉर्डिंग आपोआप सुरू झालं होतं! मधुसूदनचं तिकडे लक्षच नव्हतं. त्याच्या लेखी तो कॅमेरा फक्त बायकोवर नजर ठेवायला होता. जे नडलं ते पुसलं, विषय संपला.

मागे बेडरूमचं दार उघडं होतं. तुम्ही-आम्ही असतो तर आत शिरून कडी लावली असती. ती डोळे पुसून हॉलच्या मधोमध, कॅमेऱ्यासमोर जाऊन उभी राहिली.

"आता तर काही उरलं नाही ना? मग खरं बोला. माझा हात कोणी मोडला?"

"म्या मोडला! काय करशील?" पट्टा सपकन पाठीवर बसला.

"मग न्हाणीत घसरली म्हणून कोणी सांगितलं?"

"म्याच सांगितलं! अन् तुह्या भावानं मानलं!" तो हसला आणि त्यानं पुन्हा हाणलं. हसत होता, नालायक! ती खाली पडली की पुन्हा उठायची, तिथेच उभी राहायची. त्याचा हात दुखेपर्यंत हे चाललं.

दमून तो तंबाखू-सुपारीचा खर्रा आणायला चौकात गेला. तिनं धडक्या हातानं कॉम्प्युटर बंद केला, त्याच्या डब्याचं झाकण काढलं, डिस्कच्या वायरी उपसल्या, ती ब्लाउजपीसमध्ये गुंडाळली आणि ऑटो करून ऋषीचं घर गाठलं.

तिचा चेहरा पाहूनच ऋषी हादरला. तिनं डिस्क पुढे केली. त्यानं ती आपल्या कॉम्प्युटरला जोडली. पडद्यावर पट्टे बसू लागले. तिसऱ्या-चौथ्या पट्ट्यालाच त्यानं तोंड फिरवलं आणि बंद करायला माऊसकडे हात नेला.

"बस ताई, समजलं मले. चल, ठाण्यात जाऊ."

प्रमोदिनीनं त्याचं मनगट धरलं.

"नाही. म्या पूर्ण खाल्ला मार. तू पूर्ण पाह्य. मग जाऊ."