वहीची नक्कल

आमच्या घरात एक नियम आहे: वहीची नक्कल झाली की जुनी वही गंगेत सोडायची. आम्ही काशीतले तीर्थोपाध्ये. महाराष्ट्रातून येणाऱ्या यजमानांची घराणी, कोण कधी आलं, कोणाचं श्राद्ध केलं, सगळं या वह्यांत असतं. त्यातली सर्वांत जुनी वाळवीनं अर्धी खाल्ली होती आणि बाबांचे डोळे आता लिहिण्याजोगे राहिले नव्हते. मी बँकेत असल्यामुळे घरातला आधुनिक माणूस मीच. म्हटलं, मी स्कॅन करतो.

तीन रविवार खपलो, पानं हार्ड डिस्कवर ठेवली आणि मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "बाबा, नक्कल झाली."

दुसऱ्या दिवशी बाबा पंचगंगा घाटावर स्नानाला गेले ते वही घेऊनच. मला कळलं तेव्हा ते ओल्या पंच्यानं घरी परतले होते.

त्याच आठवड्यात सासरची मंडळी आली. मेहुण्याच्या लग्नाचा व्हिडिओ त्याच डिस्कवर होता. ती टीव्हीला जोडली तर टीव्ही विचारू लागला, फॉरमॅट करू का? सगळे माझ्याकडे बघत होते. एवढ्या लोकांत आपल्याला कळत नाही असं दिसू नये म्हणून मी रुबाबात 'हो' दाबलं. लग्न गेलं, वहीही गेली.

बाबा रागावले नाहीत, याचीच मला जास्त भीती वाटली. ताट पुढे सारून एवढंच म्हणाले, "कुणी यजमान येऊन पणज्याचं नाव विचारेल, तर काय सांगू? टीव्हीनं मिटवलं?"

डिस्क घेऊन मी गोदौलियाजवळच्या गल्लीतल्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात गेलो. दुकानदार मात्र निवांत होता. पान गालात सरकवून म्हणाला, "घबराइए मत गुरु. सामान घर में ही है, बस दरवाज़े का नंबर मिट गया है."

दोन दिवसांनी बाबा स्वतः माझ्याबरोबर दुकानात आले. पानं परत आली होती, पण क्रम नव्हता. बाबा पडद्याला नाक लावून बसले. "हे माझ्या आजोबांचं अक्षर. ह्याच्यानंतर कराडवाले. ते पान आधी घे." दुकानदारानं आपली खुर्ची त्यांना दिली आणि स्वतः उभा राहिला.

कराडवाल्यांच्या पाठोपाठ मी आलो. लखनौच्या ट्रेनिंगमधला, कधीच पुसून टाकलेला फोटो. हातात कबाब, तोंड उघडं.

"देखिए, ये भी निकल आया," दुकानदार खूश झाला.

"पनीर आहे," मी म्हटलं.

त्यानं मदत म्हणून फोटो मोठा केला. हाड दिसलं.

"पुढचं पान," बाबा म्हणाले.

दुकानदारानं सगळं नव्या डिस्कवर भरून दिलं, फोटोसकट. त्यानंतर दर रविवारी मी पडद्यावर बघून नव्या वहीत हातानं लिहायचो आणि बाबा शेजारी बसून ऐकायचे. फोटोबद्दल ते चकार शब्द बोलले नाहीत आणि माझा प्रत्येक रविवार त्या धास्तीत जायचा.

शेवटचं पान झालं त्या सकाळी त्यांनी डिस्क मागितली आणि पंच्यात गुंडाळली. मी त्यांच्यामागून घाटाच्या पायऱ्या उतरत विचारलं, "बाबा, ही पण सोडायची?"

"नक्कल झाली ना?" ते म्हणाले. "ठेवायचं ते वहीत आलं. बाकीचं गंगा बघेल."

डिस्क लगेच बुडाली. मग बाबांनी मला स्नान करायला लावलं.