अप्पांच्या पायाला काही झालं नव्हतं

आमच्या घरात कुठलीही वस्तू मागा — गॅसचं पुस्तक, सुईदोरा, गाडीचा विमा — मी जागेवरून न उठता सांगेन कुठे आहे ते. याद्या करायचा माझा स्वभाव, आणि लातूरच्या घरात त्याची थट्टाही होते. पण एक गोष्ट मी कुठल्याच यादीत लिहिली नाही. नवऱ्याला सांगितली नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. तुम्हाला सांगणार आहे. मधे अडखळले तर अडखळू द्या — पण आज सांगणार आहे.

आधी गाडीचं सांगते. ते सोपं आहे, म्हणून आधी.

आमची पांढरी मोटार माझ्या ताब्यात. तेल, हवा, ब्रेक — सगळं मी बघते. नवऱ्याला गाडी येत नाही आणि शिकायचीही नाही. चालवणारे दोघंच — मी आणि माझे सासरे. त्यांना आम्ही अप्पा म्हणायचो. अहमदपूरचं भांड्यांचं दुकान बंद करून ते आमच्याकडे राहायला आले आणि साठी उलटल्यावर गाडी शिकले. लोक हसले. अप्पांनी परवाना काढून दाखवला. मग दर सोमवारी दोन मित्रांना मागे बसवून ते औशाकडे महादेवाच्या दर्शनाला जायचे. नवा जिल्हा झाला तर अहमदपूर लातुरात राहणार की तिकडे जाणार, यावर मागच्या सीटवर जाताना भांडण, येताना पुन्हा तेच भांडण. अप्पा मधे पडत नसत. दोन्ही हात स्टिअरिंगवर, पाठ ताठ — घोड्यावर बसलेल्या नवरदेवासारखे.

लातूरला रेल्वेनं पाणी आलं, तो उन्हाळा. अर्ध्या बादलीत आंघोळ. कुणी सांगितलं नव्हतं, तरी अप्पांनी इष्टलिंगाच्या पूजेचं पाणी तांब्यावरून फुलपात्रावर आणलं होतं. देवाचं पाणी कमी करणारा माणूस — एवढं लक्षात ठेवा.

माझी धाकटी बहीण नांदेडजवळ विष्णुपुरीला राहते. तिच्या बोअरला तेव्हा पाणी होतं. कामानिमित्त नांदेडला गेले की मी रिकामे कॅन घेऊन जायची, भरून आणायची. एका खेपेला भर दुपारी पोचले. गाडी धुळीनं माखलेली, तिच्या अंगणात नळी पडलेली. आणि मी — मी गाडी धुतली. टपापासून चाकांपर्यंत. चाकं तापलेली होती, त्यांवरही धार सोडली. पाणी फाटकाबाहेर वाहत गेलं. मला छान वाटलं. खोटं कशाला सांगू?

परतताना लोहा गावाच्या पुढे ब्रेक दाबला, तर पेडल पायाखाली थरथरलं.

लातूरच्या गॅरेजवाल्यानं चाक उघडलं. चाकाच्या आत लोखंडी थाळी असते, तिला डिस्क म्हणतात. ब्रेक दाबला की पॅड तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात. तापलेली असताना गार पाणी पडून ती वाकली तर चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला पेडल पायाला धक्के देतं.

"ताई, तापल्या चाकावर पाणी मारलं का कुणी?"

"न्हाई बा."

"आसंल. पण दोन्हीकडच्या डिस्का बदलाच. अप्पास्नी सांगू का मी? रोज चहाला हितंच असतात की."

"नको. मी सांगते."

सांगितलं नाही. काय सांगणार होते? डिस्क कशानं वाकली, हा अप्पांचा पुढचा प्रश्न असता. मी ठरवलं — पुढच्या खेपेला नांदेडला बदलून घेऊ, तिथे अप्पांना कोण ओळखतं? तोवर गाडी मीच चालवीन. नीट आखलेलं होतं सगळं. फक्त सोमवार आला तेव्हा मी ऑफिसात होते.

औसा रोडवर उसाची रिकामी ट्रॉली उभी होती. अप्पांनी ब्रेक दाबला, पायाखाली थरथरलं, ते दचकले आणि पाय उचलला गेला. दिवा फुटला, बॉनेट चेपलं. मागे बसलेल्या शिवलिंगकाकांच्या कपाळाला टेंगूळ आलं. तेवढ्यावर निभावलं.

संध्याकाळी सगळे घरात. नवरा म्हणाला, "अप्पा, आता बास. गाडीला हात लावू नका."

"आरं, ब्रेक दाबला की थरथरून राहिलंय. गाडी दाखवा की आधी."

नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. अप्पांनीही. गाडीचं मला विचारायचं, ही आमच्या घरातली रीत.

मी म्हणाले, "परवाच दाखवली. गाडीत काही नाही."

एवढ्यावर थांबता आलं असतं, नाही का? मी थांबले नाही. म्हणाले, "अप्पा — तुमचाच पाय थरथरत असेल."

हेच ते. हेच सांगायचं होतं.

अप्पांनी आपल्या उजव्या पायाकडे पाहिलं. दुकानातला वर्षानुवर्षांचा गडी चोरी करताना सापडावा आणि मालकानं त्याच्याकडे बघावं, तसं. मग म्हणाले, "गाडी तू बघतीस. तू म्हणतीस तर तसंच आसंल." किल्ली खिळ्याला अडकवली. पुन्हा कधी काढली नाही.

पुढच्या खेपेला नांदेडला मी डिस्क बदलल्या, पॅडही बदलले. थरथर गेली. तेव्हा सांगता आलं असतं. पण आता नुसतं पाणी सांडल्याचं कबूल करून भागणार नव्हतं.

डॉक्टरांना पायात काही सापडलं नाही. तरी अप्पांनी काठी घेतली, गॅरेजवर चहाला जाणं सोडलं. रोज झोपण्याआधी पायाला तेल चोळू लागले. शिवलिंगकाका चेष्टा करायचे, "काय रं नवरदेवा, पाय जड झाला व्हय?" अप्पा हसायचे. सोमवारी ऑफिसच्या आधी मी त्या तिघांना दर्शनाला नेऊ लागले. सून किती गुणाची, असं लोक म्हणायचे, आणि मी ते ऐकून घ्यायची. एकदा औशाच्या वाटेवर म्हशी आडव्या आल्या, मी ब्रेक दाबला. शेजारी बसलेले अप्पा म्हणाले, "तुझा पाय लई हलका हाय गं पोरी. गाडी कशी गपगार थांबती."

मी काय म्हणाले असेन? म्हणाले, "सवयीनं होतं, अप्पा."

जुन्या डिस्क नांदेडच्या मेकॅनिकनं पोत्यात घालून डिकीत ठेवल्या होत्या. उपयोगाची वस्तू मला टाकवत नाही. गच्चीवरच्या पाण्याच्या पिंपाचं झाकण वाऱ्यानं उडायचं, त्यावर एक ठेवली. रोज सकाळी अप्पा काठी भिंतीला टेकवायचे, दोन्ही हातांनी ती डिस्क उचलायचे, पाणी किती उरलं ते बघायचे आणि परत ठेवायचे. एकदा विचारलं, "कशाचं हाय गं हे?" मी म्हणाले, भंगारातलं. "वजनाला झकास हाय," अप्पा म्हणाले.

अप्पा लिंगैक्य झाले त्याला आता काही वर्षं झाली. शेवटच्या आजारातही उशाला तेलाची बाटली होती.

दुष्काळ, लोकलाज, सासरचं घर — यातलं काहीही मी कारण म्हणून सांगत नाही. गाडी मी धुतली आणि थरथर अप्पांच्या पायाला लावली.

आज सोमवार. सकाळी गच्चीवर जाऊन ती डिस्क खाली आणली. गंज घासून काढला, कोरड्या फडक्यानं पुसली आणि जेवणाच्या टेबलावर अप्पा बसायचे त्या जागी ठेवली. नवरा येईलच. शिवलिंगकाकांनाही जेवायला बोलावलं आहे. ते विचारतील, "हे काय गं मधीच ठिवलंस?"

ताटं वाढण्याआधी सांगणार आहे.